डावं-उजवं

लोक किंमत विचारतात. मी हात बघतो.
तार्तूत, नदीवरच्या पुलापासून चौथं दुकान माझं.
हिवाळ्यात साडेतीनलाच दिवे लावावे लागतात,
आणि काउंटरवर मी अकरा माउस मोकळे ठेवतो,
खोक्यातून काढून, पोटात सेल घालून,
कारण खोक्यावरचा फोटो कुणाच्या मुठीत बसत नाही.

लाकूडवाला कालेव येतो. त्याची बोटं गाजराएवढी.
लहान माउस त्याच्या पंजाखाली दिसेनासाच होतो,
मग तो हात उचलून खात्री करून घेतो, आहे ना खाली.
विद्यापीठातली पोरं वजन विचारतात, ग्रॅममध्ये,
सोनं घ्यायला आल्यासारखी.
एकीला अजिबात न वाजणारा हवा होता:
पलीकडे बाळ झोपतं, ही रात्रभर भाषांतरं करते.
दिला. दुसऱ्या दिवशी हजर.
"दाबलं गेलं की नाही तेच कळत नाही हो,
दोनदा दाबते, सगळं दोनदा उघडतं."
बाळ मात्र झोपलं म्हणे छान.

मग उर्वे कोल्क. एकसष्टीची.
भूमापन कचेरीत जुन्या शेतांच्या हद्दी
कागदावरून पडद्यावर ओढते, बारा वर्षं,
एकाच शेपटीवाल्या माउसनं.
शेपूट तुटली म्हणून नव्हती आली,
मनगट गेलं म्हणून आली. राखी पट्टा बांधलेला.
डाव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला.

मी उभा दाखवला, हस्तांदोलन करावं तसा धरायचा.
"याच्याशी ओळख वाढवावीशी वाटत नाही," म्हणाली.
मग बैठा, गोल पाठीचा, अंगठ्याला खोबण.
तिनं त्याची पाठ थोपटली, मांजराची थोपटावी तशी.
आमच्या भाषेत याला सरळ उंदीरच म्हणतात,
त्यामुळे ते जरा विचित्र दिसलं.

पण थोपटलं कुठल्या हातानं, ते मी पाहिलं होतं.
"डावखुऱ्या का तुम्ही?"

"होते," ती म्हणाली.
आमचं शेत होतं, असं कुणी सांगावं तसं.

पहिलीत बाई डावा हात मांडीखाली ठेवायला लावायच्या,
घंटा होईपर्यंत. मुंग्या यायच्या.
मुंग्या आल्या की हात आपला वाटत नाही,
मग तो गेला तरी फारसं काही वाटत नाही.
हे तिनं माउस निवडता निवडता सांगितलं,
मध्येच सेल किती दिवस जातो ते विचारत.

दहा माउस उजवे. खोबणी सगळ्यांच्या एकाच अंगाला.
अकरावा टोकाला पडलेला, स्वस्त, धूळ खात,
दोन्ही कुशी सारख्या, कुणाच्याच बाजूचा नसलेला.
मी बटणांची अदलाबदल करून दिली. ती स्टुलावर बसली.
बाण आधी कोपऱ्यात पळाला आणि तिथंच अडकला.
परत आणला. परत पळाला.
एक गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं, मी काही बोललो नाही.
बऱ्याच वेळानं पडद्यावर एक शेत उमटलं,
वाकडं, बटाट्यासारखं. मग तिनं त्यात विहीर काढली.
मग विहिरीला झाकण.

"हा द्या," म्हणाली. "हा सुद्धा शिकेल."

परवा पुन्हा डोकावली, काही घ्यायचं नव्हतं.
तिच्या डाव्या हातानं कुणाचा तरी गोठा
शेजाऱ्याच्या हद्दीत दोन मीटर सरकवला होता,
साहेबांनी पकडलं म्हणून बरं. सांगताना हसत होती.
पट्टा अजून होताच. दुखतंही होतं.

त्या रात्री दुकान बंद करताना
मी डाव्या हातानं कुलूप लावून पाहिलं.
तीनदा.
किल्ली बर्फात पडली, आणि मला ती
मोजे काढून, दोन्ही हातांनी शोधावी लागली.